गटासाठी उभं ड्रिल मशीन घेताना



आजच्या भाषणात आपण एका यंत्राबद्दल बोलणार आहोत. लाकडाला सरळ भोक पाडायचं उभं यंत्र. दुकानात याला कोणी बेंच ड्रिल म्हणतं, कोणी पिलर ड्रिल, कोणी नुसतंच ‘उभं ड्रिल’. एक लोखंडी खांब, खांबाला वर मोटर, समोर फिरणारा चक, खाली टेबल आणि बाजूला फिरवायचा दांडा, एवढंच त्याचं रूप.

नांदेड-लातूरकडच्या गटांत पापड, शेवया, शिलाई ही कामं आहेतच. आता काही गट लाकडाकडे वळताहेत. मुलांची खेळणी, पाट, चौरंग, देव्हारा, भिंतीवरच्या खुंट्या, पेनाचा स्टँड अशा वस्तू घरच्या पडवीतही बनतात. त्या गटांचा आम्हाला एकच प्रश्न असतो: “ताई, मशीन कोणतं घ्यावं? स्वस्तातलं चालेल का?”

उत्तर आधीच सांगतो. स्वस्तातलं चालेल. पण दुकानात जायच्या आधी आपल्या कामाची यादी करा, दुकानात मशीन स्वतःच्या हाताने तपासा आणि क्लॅम्प, स्विच, अर्थिंग यांचे पैसे वाचवू नका. असं का, ते आता एकेक करून बघू.

भोक सरळ कशासाठी?

आपल्या गावच्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या सामता आणि गिरमिटावर कामं केली. बैलगाडी, तिफण, वखर, घराची चौकट सगळं त्यातच झालं. त्यांच्या हाताला वर्षांची सवय होती. आपल्या गटात मात्र दहा बाया, दहा हात. कोणी आज शिकलेली, कोणी महिन्यातून चार दिवस येणारी. तरी वस्तू सगळ्यांच्या हातची सारखीच निघायला हवी.

चाकांच्या लाकडी बैलाचं उदाहरण घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. लहान मुलं चाकांचे लाकडी बैल ओढत नेतात. किनवट-माहूरच्या मैत्रिणींना हा बाजार जवळचा आहे. या बैलाच्या खालच्या पाटीतून आस जातो, आसाला चाकं बसतात. हातातल्या ड्रिलने भोक पाडताना हात तीन अंश कलला, तर डोळ्याला कळतही नाही. पण पाटी ४० मिलिमीटर रुंद असेल, तर भोक आत शिरलं तिथून पलीकडे निघेपर्यंत दोन मिलिमीटर सरकलेलं असतं. मग एक चाक जमिनीला टेकतं, दुसरं अधांतरी राहतं. पोरगं दोरी ओढतं आणि बैल एका अंगाला पळतो. असं खेळणं दुकानदार परत करतो.

उभ्या मशीनचा खरा फायदा हाच. चक सरळ खाली येतो आणि सरळ वर जातो. टेबलावर एक लाकडी पट्टी आणि एक ठोकळा क्लॅम्पने बसवला, की प्रत्येक तुकडा त्याच जागी टेकतो. पहिलं भोक जिथे पडलं तिथेच शंभरावं पडतं. नवीन मैत्रीण अर्ध्या दिवसात हे काम शिकू शकते. पाहिजे तेवढंच खोल जायला मशीनला थांबा असतो. पेनाच्या स्टँडची सगळी भोकं एकाच खोलीची होतात.

खेळण्यांची कला आपल्या शेजारीच आहे. भोकर, धर्माबाद, किनवट ओलांडलं की तेलंगणात निर्मल गाव लागतं. तिथली पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची खेळणी आणि फळं प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. आपल्या राज्यात सावंतवाडीची लाकडी खेळणी तशीच नावाजलेली. आपल्याला त्यांची नक्कल करायची नाही. पण गिऱ्हाईक आपला माल त्यांच्या मालाशेजारी ठेवूनच बघणार, हे ध्यानात असू द्या.

आधी यादी, मग दुकान

गटाच्या बैठकीत वहीचं एक पान घ्या आणि पाच गोष्टी लिहा.

पहिली, आपल्याला सगळ्यात मोठं भोक किती लागतं? आसासाठी ६-७ मिलिमीटर. खुंटीसाठी १०-१२. सुतार सुतात बोलतात, म्हणून हेही सांगतो: आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. दुसरी, सगळ्यात रुंद फळी किती, आणि तिच्या कडेपासून भोक किती आत पाडायचं? तिसरी, लाकूड किती जाड? चौथी, लाकूड कोणतं? आंबा मऊ, निंब, साग मध्यम, बाभूळ चांगलीच कडक. पाचवी, महिन्याला किती नग?

लातूरकडच्या काही मैत्रिणी बांबूचं काम करतात. औसा तालुक्यातल्या लोदग्याचं बांबूचं काम तर राज्यभर माहीत झालंय. बांबू असेल तर यादीत तसं लिहा. बांबू गोल असतो, टेबलावर घरंगळतो आणि बोथट बिटने फाटतो. त्याला बसवायला खाच पाडलेला ठोकळा आणि धारदार बिट लागतं. मोठं मशीन लागत नाही.

ही यादी हातात असली, की दुकानदार “हेच घ्या, सगळे हेच नेतात” म्हणाला तरी आपण वहीतला आकडा दाखवू शकतो.

तीन वाटा

पहिली वाट सगळ्यात स्वस्त. हातातलं ड्रिल मशीन आणि ते उभं पकडणारा स्टँड. ड्रिल साधारण दीड ते तीन हजारांत येतं, स्टँड हजार ते अडीच हजारांत. महिन्याला वीस-पंचवीस नग करणाऱ्या, नुकत्या सुरुवात करणाऱ्या गटाला हे पुरतं. उणीव अशी, की हलका स्टँड दाबल्यावर वाकतो आणि भोक थोडं कलतं. हातातल्या ड्रिलची मोटर कार्बन ब्रशवर चालते, आवाज फार करते आणि तास-तासभर चालवली की तापते. स्टँड घेताना आपल्या ड्रिलची मान त्याच्या कड्यात घट्ट बसते का ते तिथेच बसवून बघा.

दुसरी वाट, हलकं बेंच ड्रिल. साधारण सहा ते दहा हजार. वजन पंधरा किलोच्या आसपास. मोटर शांत चालते, पट्टा बदलून वेग बदलतो, चक १३ मिलिमीटरचा. खेळणी, खुंट्या, पेनाचे स्टँड एवढ्या कामाला हे मशीन बरोबर पुरतं. आमच्या मते बऱ्याच गटांची गरज इथेच भागते.

तिसरी वाट, जाड बिडाचं देशी मशीन. लुधियाना, बटाला, राजकोट या गावांत अशी मशीनं बनतात. मोटरसकट बारा ते वीस हजारांपर्यंत जातात, वजन चाळीस किलोच्या पुढे. हलवायला दोघी लागतात, पण त्या वजनामुळेच काम करताना ते थरथरत नाही. बाभळीचं लाकूड, चौरंगाचे जाड पाय, रोजचं काम असेल तर हे घ्यावं.

याच वाटेला एक फाटा आहे, जुनं मशीन. नांदेड, लातूरच्या एमआयडीसीतली वर्कशॉप कधी कधी जुनी पिलर ड्रिल विकतात. बिडाचा खांब लवकर झिजत नाही. पण जुन्या मशीनला बहुतेक थ्री-फेज मोटर असते आणि आपल्या घरात सिंगल फेज वीज. मोटर बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा आणि सोबत माहीतगार सुतार किंवा फिटर न्या.

पाटीवरचे आकडे

मशीनवर एक छोटी पाटी असते. तिच्यावरचे चार आकडे समजले की पुरे.

चकाचा आकडा म्हणजे किती जाड दांड्याचं बिट आत बसेल. १३ मिलिमीटर असेल तर ठीक. भोक त्याहून मोठंही पाडता येतं, कारण मोठ्या बिटचाही दांडा बारीकच असतो.

दुसरा आकडा चकाच्या मध्यापासून खांबापर्यंतच्या अंतराचा. हलक्या मशीनमध्ये हे साधारण दहा सेंटिमीटर असतं. म्हणजे वीस सेंटिमीटर रुंद फळीच्या बरोबर मधोमध भोक पडेल, त्याहून रुंद फळी खांबाला अडकेल. पाटासाठी मशीन घेत असाल तर हा आकडा सगळ्यात आधी बघा. काही दुकानदार या अंतराची दुप्पट सांगतात. म्हणून टेप घेऊन स्वतः मोजा.

तिसरा, चक किती खाली येतो. हलक्या मशीनमध्ये साधारण पाच सेंटिमीटर. खेळण्याला पुरतं, चौरंगाच्या जाड पायाला दोन्ही बाजूंनी भोक पाडून मध्ये जुळवावं लागतं.

चौथा, मोटर आणि वेग. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, अर्धा म्हणजे ३७३. हलक्या मशीनला साधारण साडेतीनशे वॉटची मोटर असते. पूर्ण ताणावर सलग दोन तास चालली तर विजेचं जेमतेम एक युनिट जातं. म्हणजे विजेच्या बिलाची फार धास्ती नको.

वेग मात्र समजून घ्या. शिलाई मशीन चालवणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. खाली मोठं चाक, वर लहान चाक, म्हणून पाय हळू हलला तरी सुई भरभर चालते. ड्रिलमध्ये झाकणाखाली तशाच पुल्या असतात. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेत असेल, मोटरची पुली दोन इंच आणि चकाची चार इंच असेल, तर चक निम्म्या वेगाने, ७२० फेऱ्यांनी फिरतो. बारीक भोकाला वेग जास्त, मोठ्या भोकाला कमी. लाकडात ६ ते ८ मिलिमीटरच्या भोकाला दीड-दोन हजार फेरे चालतात, १२ मिलिमीटरला हजाराच्या आसपास, आणि एक इंचाच्या पुढच्या भोकाला पाचशे-सहाशेच्या वर जाऊ नये. वेग जास्त झाला की लाकूड काळं पडतं, धुराचा वास येतो आणि बिटची धार जाते. म्हणून मशीन घेताना ‘सगळ्यात कमी वेग किती?’ हे विचारा.

दुकानातल्या पाच परीक्षा

“मशीनमधलं बायांना काय कळतंय” असं कोणी म्हणालं तर किल्लारीची आठवण द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरदुरुस्तीचं मोठं काम निघालं. त्यात गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या, भूकंपात टिकणारं बांधकाम कसं असतं ते शिकल्या आणि दुसऱ्यांना सांगू लागल्या. त्या मानाने ड्रिल मशीन तपासणं सोपं आहे. सोबत एक नवीन सरळ बिट, गुण्या, जाड तारेचा तुकडा आणि लाकडाचा ठोकळा न्या.

एक. बिट चकात घट्ट बसवून मशीन सुरू करा आणि टोकाकडे बघा. टोक एकच, स्थिर दिसलं पाहिजे. गोल धूसर कडं दिसलं तर दुसरं बिट लावून बघा. तरीही तसंच दिसलं तर चक किंवा आतला दांडा वाकडा आहे. ते मशीन सोडून द्या.

दोन. मशीन बंद करा, प्लग काढा. दांडा फिरवून चक पूर्ण खाली आणा आणि चक हाताने मागे-पुढे हलवा. खडखड हलत असेल तर भोक कधीच नेमकं पडणार नाही.

तीन. तारेला दोन ठिकाणी काटकोनात वाकवा. तारेचं एक टोक चकात धरा, दुसरं टोक बाजूला जाऊन टेबलाला जेमतेम टेकेल असं करा. चक हाताने फिरवा. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे टोक सारखंच टेकलं तर टेबल चकाला काटकोनात आहे. कुठे फट पडली तर टेबल कललंय. डावी-उजवी फट बहुतेक मशीनमध्ये बोल्ट ढिला करून दुरुस्त होते. पुढची-मागची होत नाही, म्हणून ती जास्त असेल तर नको म्हणा.

चार. टेबलावर ठोकळा ठेवून, मशीन बंद असताना, बिटऐवजी चकच दाबून बघा. टेबल डोळ्यांना दिसेल इतकं वाकलं तर ते मशीन कामाचं नाही.

पाच. झाकण उघडून पट्टा बघा. त्याच्यावर नंबर असावा आणि तो पट्टा गावच्या किंवा तालुक्याच्या बाजारात मिळावा. चकाची चावी, सुटे भाग, वॉरंटीचा कागद आणि जीएसटीचं पक्कं बिल मागून घ्या. बिल गटाच्या नावावर करा. बँक, योजना, वॉरंटी, कुठेही जा, तेच बिल लागतं.

वीज आली-गेली तर?

मैत्रिणींनो, आपल्याकडे वीज जाते आणि न सांगता परत येते. समजा चालू मशीन लाइट गेल्यावर थांबलं. कोणी बटण बंद केलं नाही. बिट अडकलं होतं म्हणून एका बाईने हात घालून ते सोडवायला घेतलं, आणि तेवढ्यात लाइट आली. पुढे काय होईल ते सांगायला नको.

यावर उपाय आहे. काही मशीनना हिरवं-लाल बटण असलेला असा स्विच असतो, की वीज गेली की तो आपोआप पडतो. वीज परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. दुकानदाराला सांगा, मशीन चालू करा आणि भिंतीवरचं बटण बंद करून परत लावा. मशीन आपोआप सुरू झालं तर तो स्विच त्यात नाही. मग तसा स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. त्याचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा.

दुसरी गोष्ट दाबाची. व्होल्टेज २३० वरून १८० वर उतरलं, तर अशा मोटरचं बळ जवळपास साठ टक्क्यांवर येतं. बिट अडकतं, मोटर गुणगुणते आणि तापते. गुणगुण ऐकू आली की लगेच बंद करा. संध्याकाळी दाब उतरत असेल तर मोठ्या भोकांचं काम सकाळी ठेवा.

तिसरी, अर्थिंग. सगळं मशीन लोखंडी आहे. तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची जिवंत जोडणी आणि वेगळा एमसीबी हवाच. बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर मशीन चालवू नका.

पदर, बांगड्या आणि हातमोजे

मशीनसमोर बसणाऱ्या मैत्रिणीने पदर घट्ट खोचून वरून अंगासरशी बसणारा कोट घालावा. ओढणी असेल तर काढून ठेवावी. वेणी बांधून आत घ्यावी. बांगड्या, अंगठी, लोंबणारं मंगळसूत्र कामापुरतं काढावं किंवा कपड्याच्या आत ठेवावं. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा, म्हणजे कामाच्या वेळी वाद नको.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना उलटी वाटते: फिरत्या ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत. मोज्याचा धागा बिटमध्ये सापडला की बिट मोजा ओढतं आणि मोज्यासोबत बोटं जातात. उघडा हात वेळेवर मागे घेता येतो.

लाकूड हाताने धरायचं नाही. बिट अडकलं की अख्खी फळी पंख्यासारखी फिरते. प्रत्येक तुकडा क्लॅम्पने टेबलाला बांधायचा. चकाची चावी काम झाल्या क्षणी काढायची आणि खांबाला दोरीने बांधून ठेवायची. चकात विसरलेली चावी मशीन सुरू होताच गोळीसारखी उडते. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क लावा. साग, बाभळीचा भुसा नाकात गेला की सर्दी-खोकला जात नाही. बिट बदलताना प्लग काढा. लहान मुलं या खोलीत नकोत, आणि काम संपल्यावर मशीनचा प्लग कुलूपबंद पेटीत.

बिट कोणतं?

मशीन घेतलं आणि बिट लोखंडाचं लावलं, तर अर्धा फायदा वाया. लाकडाच्या बिटला मधोमध टोकदार खिळा असतो, तो आधी रुततो आणि बिट जागेवरून सरकू देत नाही. खालच्या बाजूने लाकूड फाटू नये म्हणून फळीखाली टाकाऊ फळीचा तुकडा ठेवा.

खेळण्यांच्या गटांसाठी होल सॉ हे पाटीच्या आकाराचं गोल करवतीचं बिट फार कामाचं आहे. त्याने फळीतून गोल चकती निघते आणि मधलं भोकही त्याच वेळी बरोबर मध्यावर पडतं. म्हणजे चाक एका दमात तयार. फळी क्लॅम्पने बांधा, सगळ्यात कमी वेग लावा, अर्ध्यापर्यंत कापा, मग फळी उलटी करून दुसऱ्या बाजूने पुरं करा. कडा स्वच्छ येतात. चकती होल सॉवरच्या आकड्यापेक्षा थोडी लहान निघते, ते धरून माप निवडा. आस ६ मिलिमीटरचा असेल आणि चाकं आसाला चिकटवायची असतील, तर बैलाच्या पाटीतलं भोक ७ मिलिमीटरचं ठेवा, म्हणजे आस मोकळा फिरेल.

पैशाचा हिशोब

आता गटाच्या पैशाचं बोलू. एक नमुन्याचा हिशोब मांडतो, तुम्ही आपले आकडे घाला. समजा हलकं मशीन ८,००० रुपये, बिटं आणि होल सॉ १,५००, क्लॅम्प ८००, चष्मे-मास्क ३००, आणि स्विच, एमसीबी, अर्थिंग १,४००. एकूण १२,००० झाले. मशीनची किंमत आणि कामाला लागलेल्या मशीनची किंमत यात चार हजारांचा फरक आहे.

हे पैसे गटातूनच महिना एक टक्क्याने घेतले आणि दर महिन्याला १,००० मुद्दल फेडलं, तर बारा महिन्यांत व्याज ७८० रुपये होतं, आणि तेही गटातच राहतं. पहिला हप्ता व्याजासकट १,१२० रुपये. लाकूड, रंग आणि बायांची मजुरी वजा जाता एका खेळण्यामागे २० रुपये उरत असतील, तर हप्त्यापुरती महिन्याला ५६ खेळणी विकली गेली पाहिजेत. आता बैठकीत विचारा: आपली ५६ खेळणी दर महिन्याला कोण घेणार? माळेगावच्या खंडोबाची यात्रा, लातूरची सिद्धेश्वराची यात्रा, पोळा, अंगणवाड्या, शाळेजवळची दुकानं, नावं लिहा. नावं पुरेशी निघाली तर मशीन घ्या. नाही निघाली तर स्टँडवर सुरुवात करा आणि वर्षभराने परत हिशोब मांडा. मजुरी सोडून हिशोब मांडू नका. बायांचं काम फुकट धरलं की प्रत्येक धंदा नफ्यात दिसतो.

योजनाही बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी बनवणारे हे दोन्ही व्यवसाय आहेत. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. लाभ एका कुटुंबात एकालाच मिळतो. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात होते आणि पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. गट उमेदचा असेल तर आपल्या सीआरपी ताईंना, माविमचा असेल तर सहयोगिनी ताईंना विचारा, आणि मशीन घेण्याआधी विचारा.

खेळणी विकणाऱ्या गटांनी एक कायदा माहीत करून घ्यावा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणून मोठी ऑर्डर घेण्याआधी कारागीर ओळखपत्र काढून घ्या. पाट, चौरंग, खुंट्या यांना हा नियम नाही.

लाकूड आरा मशीनवरून पावतीसह घ्या, सागाचं तर नक्कीच.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन कामं करा. वहीत कामाची यादी लिहा. तीन दुकानांतून लेखी कोटेशन आणा, त्यात स्विच आणि सुट्या भागांचं विचारून घ्या. आणि मशीन आल्यावर ते कोण चालवणार त्या दोन-तीन जणींची नावं ठरवा. त्यांना तालुक्याच्या आयटीआयमध्ये किंवा गावच्या जाणत्या सुताराकडे चार दिवस शिकायला पाठवा. शिकून आलेली बाई दुसरीला शिकवेल. पदराचा, चावीचा आणि क्लॅम्पचा नियम मोठ्या अक्षरात लिहून मशीनच्या वरच भिंतीवर लावा. ज्या मैत्रिणीला वाचता येत नाही तिला तो पाठ होईपर्यंत म्हणून दाखवा.